मामाचा दात आणि सरकार

...नुसता दम द्या, एवढंच हो मामाचं म्हणणं होतं! पण तुम्हाला सांगतो, पोलीस चौकीत नुसतं असं काही मिळत नाही. मामा घड्याळं दुरुस्त करतो, शेजारच्या गाळ्यात त्याचा मित्र किल्ल्या बनवतो, उभा जन्म शेजार. त्या दिवशी मित्राचं स्टूल मामाच्या उजेडात आलं, मामाने ते पायाने सरकवलं, मित्राने उचलून भिरकावलं आणि मामाचा पुढचा दात गेला. मामा तोंडाला रुमाल लावून तडक चौकीत. हवालदार शांतपणे विचारतो, "दात हलला की पडला?"

आता हा काय प्रश्न झाला? तर म्हणे, हलला असेल तर किरकोळ मारहाण, आम्ही नोंद करू, पुढचं तुमचं तुम्ही कोर्टात बघा. पडला असेल तर गंभीर दुखापत, मग खटला आम्हीच भरणार. मामाला वाटलं, हा आपल्यावर संशय घेतोय. त्याने रुमाल उघडून दातच ठेवला टेबलावर... झालं, गुन्हा दाखल!

संध्याकाळी मित्राला आत बसवलेलं पाहिलं आणि मामाचा राग कुठल्या कुठे गेला. बाहेर मित्राची बायको उभी. हातात नवऱ्याचा डबा. मामा आत गेला, गयावया केली, तक्रार मागे घेतो, तुम्ही त्याला नुसता दम द्यायचा होता. हवालदार म्हणाला, "आजोबा, तक्रार आता तुमची राहिली नाही."

कोर्टात पुकारा झाला, सरकार विरुद्ध मित्र! मामा कुठे? मामा साक्षीदार! दात याचा, दुखणं याचं आणि फिर्याद सरकारची? पण विचार केला की वाटतं, असेलही बरोबर... उद्या कुणी धाक घालून एखाद्याला तक्रार मागे घ्यायला लावली तर?

जजबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मित्र कठड्याला धरून म्हणाला, "दात मी पाडला, बाई. पण माझं भांडण ह्याच्याशी होतं, सरकारशी नव्हतं."

मामाने मान खाली घातली. नुसता दम द्या म्हणालो होतो, असं काहीतरी पुटपुटला. बाईंनी पेन खाली ठेवलं, दोघांकडे पाहिलं, म्हणाल्या, मिटवायचं तर दोघांनी मिळून अर्ज करा, परवानगीचा विचार करू.

केला अर्ज. पुढची तारीख पडली, मग त्याच्या पुढची... वकिलाने दोघांना बजावलंय, निकाल लागेपर्यंत गुण्यागोविंदाने राहायचं. म्हणजे आता बघा, दोघांना साधं भांडायचीसुद्धा चोरी!