बोर्डावरचं पहिलं नाव

मी भागा, आमचं गाव पारनेर तालुक्यात. ग्रामपंचायतीत शिपाई म्हनून जलम गेला माजा, दवंडी दिली, पानी सोडलं, झाडलोट केली आन रोज त्यो सरपंचांच्या नावाचा बोर्ड पुसला. पहिलं नाव नामदेव तात्याचं. काय सांगू तुमाला, ते नाव दिसलं की आंग जळायचं माजं, फडकं तिथं जरा जोरातच फिरायचं.

का, तर इंग्रज गेल्यावर गावात पहिल्यांदा पंचायत झाली. तवर सगळं पाटलाच्या वट्ट्यावर, पाटील बोलंल ते. मग तालुक्याचा सायब आला, म्हनला आता तुमचं तुमीच निवडा. मारुतीच्या पारावर सात पंच बसले, त्यातलीच सरपंचाला दोन नावं, एक तात्या आन एक माजा बा. हात वर करायचे, एवढंच. मी बाच्या मांडीला चिकटून बसलेलो. आता पंगतीत आपल्या हातानं आपल्याच पानात वाढून घेतं का कोन? बाला वाटलं हितंबी तसंच, आपलं मत दुसऱ्याला द्यायचं, त्यो आपल्याला दील. बानं तात्यासाठी हात वर केला. तात्यानं सोत्तासाठी. चार आन तीन, तात्या सरपंच.

घरी आई लई बोलली. बा म्हनला, आगं, सोत्तासाठी हात वर करायची लाज वाटली मला. पुढं तात्यानं शाळा आनली, खोटं कशाला बोलू, पन मला त्येचाबी हेवा वाटायचा, ती शाळा माज्या बाची असती. तात्याचा सुदाम माज्याच वर्गात, मास्तर त्याला सरपंचाचा म्हनून पुढं बसवायचे आन मी मागं.

आता गेल्या म्हैन्यात बोर्ड नव्यानं रंगवायला काढला. माज्या पुसन्यानं पहिलं नाव पार उडालेलं, जुनं दप्तर वाळवीनं खाल्लेलं, सुदाम गेला पोराकडं पुन्याला. पेंटर माज्याकडं आला, बाबा, पहिला सरपंच कोन हुता, तुमच्याबिगर सांगनारं कोनी न्हाई म्हनला. मी बाचं नाव सांगितलं. त्यानं खडूनं आखून घेतलं, काय सुंदर अक्षर, जलमात एवढं बरं वाटलं न्हवतं.

मग त्यानं रंगाचा डबा उघडला आन मला बाचा हात दिसला, पारावर वर गेलेला. बानं सोत्ता दिलेलं मत, ते मी कसं माघारी घेऊ? म्हनलं थांब, चुकलो, नामदेव तात्या लिव.

जळतं अजून, न्हाई कशाला म्हनू. पन ते पहिलं नाव माज्या बाच्या हातानं लागलंय, गावाचं लिवून घेताय तर एवढं तुमी लिवा. तात्याच्या लेकराबाळांना देव सुखी ठेवो, फक्त माज्या देखत त्या बोर्डाकडं त्यांनी मान वर करून बघू नये.