दाढीचा उपाय

घरी कालवलेले केक भाजून घ्यायला बेकरीच्या भट्टीपुढे रांग लागली होती. शेरोनच्या तोंडावर सायकलवरचा स्कार्फ तसाच होता. पुढे तिच्याच प्रेस्बिटेरियन चर्चच्या विजयाकाकू आणि रूथकाकू होत्या. त्यांनी तिला ओळखलं नाही, आणि तिनंही ओळख दिली नाही.

“आगमनाचा तिसरा रविवार आला विजया, नाताळ तोंडावर, आणि शामुवेलकाका अजून क्वायरमध्ये गातायतच!”

“त्यांनी वरचा सूर लावला की आगमनाच्या मेणबत्त्या थरथरतात गं.”

“पण काढायचं कसं? बिचाऱ्यांना वाईट वाटेल.”

“पाळकसाहेबांना सांगितलंय मी, नाताळात त्यांना सँटा करा. तोंडावर कापसाची दाढी. गाणार कुठून?”

“मग टेनरच्या वरच्या पुरुषी आवाजात तुझे मिस्टर एकटेच उरतील.”

“तेच तर! आमच्या ह्यांचा आवाज मंडळींना एकदाचा ऐकू तरी येईल.”

शामुवेलकाका म्हणजे शेरोनचे सख्खे आजोबा. तिनं सावकाश स्कार्फ सोडला.

“सलाम, काकू.”

“अगं बाई, शेरोन! कधीची उभी आहेस?”

“आगमनाच्या तिसऱ्या रविवारपासून.”

“आजोबांना यातलं काही बोलू नकोस हं, बाळा.”

“बोलणार ना! खूश होतील ते. त्यांना केव्हाचं सँटा व्हायचंय. क्वायरमध्ये अडकलेत ते फक्त तुमच्या मिस्टरांसाठी.”

“ह्यांच्यासाठी? ते का?”

“म्हणतात, मी मोठ्यानं गातो म्हणून त्याचं बेसूर गाणं झाकून जातं.”

विजयाकाकू डब्याचं झाकण उगाच दाबत राहिल्या. रूथकाकूंनी मात्र हळूच विचारलं,

“विजया, दाढ्या दोन मिळतील का गं?”