जखम भरणाऱ्या पेशी

डोंबिवलीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसलेल्या. सासऱ्यांच्या आतड्याचा रिपोर्ट सुनेच्या हातात होता.

"समिधा, डॉक्टर काय म्हणाले ते परत सांग. मला निम्मंच कळलं."

"आई, बाबांच्या आतड्याला बरीच वर्षं सूज होती. सूज आली की जखम भरणाऱ्या पेशी तिथे जमतात."

"मग बरंच की."

"एरवी बरंच. पण सूज उतरलीच नाही, म्हणून त्या जखम भरतच राहिल्या. मग गाठ झाली, तर तिलाही सांभाळत बसल्या. त्यांच्या आधारानं ती वाढली."

"त्यांना कळलं नाही होय, आपण कोणाला सांभाळतोय ते?"

"पेशींना काय कळणार, आई? बरं, रक्त कधीपासून जात होतं? बाबा सांगतायत, महिनाभर."

"महिना कसला! चार वर्षं झाली. मूळव्याध आहे, कोणाला बोलू नकोस, म्हणाले."

"चार वर्षं? अहो, एका घरात राहून आम्हाला कधी दिसलं कसं नाही?"

"आपल्या दिवा गावात नळाला पाणी पहाटेच येतं ना. ह्यांचा लेंगा मी आधी धुवून टाकायचे. तू उठायच्या आत."