पाचवीचा कोरा कागद

चोपड्याच्या दवाखान्यात लसीच्या रांगेत समाधान लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याच्या पुढे झुंबरबाई, कुशीत सहा दिवसांची नात. सून आत तपासणीला गेली होती. झुंबरबाईच्याही पुढे शाळेतल्या तबस्सुम मॅडम, त्यांच्या कडेवर त्यांचा मुलगा जुनैद.

"मॅडम, पोरनं बारसं नही व्हयेल. बिननावनी शे. लस देतीन ना?"

"देतील की अक्का. नाव नसलं तरी तिचा हक्क आहे."

"कार्ड बी नही शे."

"कार्ड निघेल सावकाश. माणसाच्या पोटी जन्मली ना, तेव्हाच सगळे हक्क मिळाले. जगायचा, औषधाचा, शिकायचा, मानानं राहायचा."

"कोन दिन्हात?"

"कोणीच नाही. म्हणून तर कोणाला काढून घेता येत नाहीत."

"काल पाचवी पूजी. सटवाईले नशीब लिखाले कोरा कागद ठेवा, पेन ठेवा. तिनीच लिखात व्हतीन."

"नाही अक्का. पाचवीच्याही आधी. पहिल्या श्वासाला."

"सटवाईना बी पहिले?"

"हो."

"तुमना पोरले बी इतलाच?"

"इतकेच. रतीभर कमी नाही, जास्त नाही."

रांग पुढे सरकली. झुंबरबाई जागची हलली नाही. समाधानही नाही.

"आनि माले?"

"तुम्हालाही. जन्मापासून."

"मना येळले कागदच नही ठेवा व्हता, माय. पोरगी व्हयनी म्हनीसन."

"तरीही, अक्का."

झुंबरबाईनं नातीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं आणि वाकून अगदी हळू विचारलं,

"तुले म्हाईत व्हतं का वं?"