बोटीवर बसून जेवायचं का हुबं ऱ्हाऊन?

न्हाय, मला एक सांगा, जेवायला बसायचं का हुबं ऱ्हायचं, हा काय माणसाला इचारायचा प्रश्न हाय व्हय? आं? आपल्यात कोण इचारतंय? पाट मांडला की बसतो, ताट आलं की जेवतो, हात धुतला की उठतो, संपलं! आणि हा बोटीवरचा वेटर, पांढराफेक डगला, पितळंची बटणं, ऐन सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन दात काढून मला इचारतोय, "सर, रात का डिनर डायनिंग रूम में, या डेक पर बुफे?" मी म्हटलं, बाबा, ह्यात फरक काय? तर म्हणतोय, "सर, उधर बैठके, इधर खड़े होके." घ्या! तवापास्नं जे माझं डोकं फिरलंय ते तुम्हास्नी सांगतो, बोट स्थिर हुती पण मी डुलत हुतो.

मी बोटीवर कशाला मराय गेलतो म्हणशीला. माझं निपाणीत फवारणीच्या पंपांचं दुकान. दारावर पाटी हाय की, भुजबली चौगुले म्हणून. कुणी तंबाखूवर मारायला नेतंय, कुणी वांग्यावर मारायला नेतंय. त्या साली पंपाच्या कंपनीला काय हुक्की आली कुणास ठाऊक, म्हटले, ज्यांनी जास्त पंप खपवले त्यांना जोडीनं बोटीची सफर! मुंबईस्नं गोवा आणि गोव्यास्नं मुंबई! आता बघा, निपाणीस्नं आंबोलीचा घाट उतरला की गोवा. पण न्हाय! आधी वर मुंबईला जायचं, तितनं परत खाली गोव्याला यायचं, गोवा लांबनं बघायचा आणि पुन्हा मुंबई! आमची मंडळी, राजमती, म्हणाली, "आणि बोटीवर करायचं काय?" मी म्हटलं, जेवायचं. "जेवायला येवढ्या लांब? घरात काय उपाशी ठेवलंय तुम्हास्नी?"

पण मी गेलो. का गेलो? पंपासाठी न्हाय ओ, पोरीसाठी! आमची त्रिशला. तिला बघून गेलता चिकोडीच्या रायगोंडा पाटलांचा पोरगा. इंजिनेर हाय, बेळगावात खासबागेत खोली करून ऱ्हातोय. त्याला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, पत्रिका जुळली, मानपान जुळला, घोडं आडलं कुठं? पाटलांच्या 'व्हय' म्हणण्यापाशी! आणि आमची पोरगी तर त्यो बघून गेल्यापास्नं घरात गाणी गुणगुणत फिरायली. डाळीत मीठ दोनदा घालतीय, हसतीय आपली आपणच. जीव थोडा थोडा हुतोय बघा बापाचा. आणि ह्या पाटलांचंबी पंपांचंच दुकान, तीबी जोडीनं त्याच बोटीवर! मला मुंबईत धक्क्यावरच म्हटले, "चौगुले, सांजचं संगंच जेवू या. जेवता जेवता ठरवून टाकू." जेवता जेवता! अवो पण कुठं? बसून का हुबं ऱ्हाऊन? ते न्हायच सांगितलं!

आता तुम्ही म्हणशीला, मग इचारायचं की सरळ, तोंड न्हाय व्हय? अवो, तिथंच तर मेख हाय! आमचे मध्यस्थ आण्णाप्पा मास्तर. त्यांनी पाटलांस्नी काय सांगून ठेवावं? "चौगुल्यांचं घर लई कडक. दिवस मावळला की चूल गार. घोटभर पाणीसुद्धा न्हाय!" आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवू नये हे बरोबरच हाय. आई हुती तवर आमच्यातबी तसंच हुतं. पण माझं दुकान बंद हुतंय आठाला! आठाला घरात येऊन मी काय आमटीचा नुसता वास घेऊन झोपू? पण पाटील? पाटील खरोखरचे कडक! पावसाळ्यात ढग आलं की ती म्हणं दुपारी चारलाच जेवून घेत्यात, न जाणो ढगाच्या मागं सूर्य गुपचूप बुडाला तर! अशा माणसाला मी इचारायचं, "पाटील, जेवायचं कुठं?" लगीच म्हणायचे, कडक माणसाला येवढं कळंना? मास्तर थापा मारतोय! म्हणून मी गप. आणि मनातल्या मनात कोडं सोडवायला बसलो.

बघा हं. डायनिंग रूमचं जेवण रात्री साताला. म्हंजे अंधार. म्हंजे पाटील तिथं जाणार न्हाईत. झालं, सुटलं कोडं! बुफे सांजच्या सहाला, उजेड असतोय, म्हंजे पाटील बुफेला. पण थांबा! राजमती म्हणाली, तिनं त्या वेटरला इचारलं, तर बुफेत भाजीच्या पातेल्याशेजारी माशाचं पातेलं, आणि दोन्हीकडं एकच पळी फिरतीय! आता पाटील असल्या पळीला हात लावतील? मेले तरी न्हाईत! म्हंजे पाटील डायनिंग रूममधे, तिथं भाजीचं ताट येगळं करून आणत्यात. पण तिथं अंधार! पण इथं मासा! पण तिथं अंधार! अवो, धर्म सांभाळायचा तर हुबं ऱ्हायचं, आणि धर्मच सांभाळायचा तर बसायचं, असं कधी ऐकलंय का तुम्ही? मी राजमतीला म्हटलं, तू सांग, बसायचं का हुबं ऱ्हायचं? ती म्हणाली, "मला काय इचारताय? मी धोंडूबाई आक्कांच्यात जाते बसायला." धोंडूबाई म्हंजे पाटलांची मंडळी. आणि गेली की! माझ्या गळ्यात कोडं टाकून ही गेली.

शेवटी ठरवलं, आधी उजेडाचं बघू. सहाच्या ठोक्याला वरच्या मजल्यावर. तिथं काय ती झुंबड! मोठमोठे देसाई, शेटजी, हातात ताट घेऊन रांगेत, एकमेकाला ढकलत... आपल्यात देवळाच्या दारातबी असं कुणी हुबं ऱ्हात न्हाय. मी लांबच्या लांब टोकाला जाऊन जिथं पळी फिरत नव्हती असलं घेतलं. पांढरा भात, काकडी, पापड. आणि कठड्याला टेकून हुबा ऱ्हायलो, पाटलांची वाट बघत. शेजारी नाशकाचा एक जाडजूड दुकानदार मासं खात हुता, काटं काढत काढत मला म्हणतोय, "अहो निपाणीकर, खा की! फोटो काढायचाय का भाताचा?" मी म्हटलं, आमचं व्याही यायचं हाईत. व्हणारं व्याही यायच्या आधी घास घ्यायचा? बरं दिसतंय व्हय? आणि त्यो घास तोंडात असताना ती आली तर बोलू कसा?

पाटलांचा पत्ता न्हाय. आणि तिकडं सूर्य निघालाय खाली! तुम्हास्नी सांगतो, आपल्याकडं सूर्य कसा, तंबाखूच्या वखारीच्या मागं जातोय, मग अजून हाय का गेला ह्यात जरा घासाघीस करता येती. समुद्रात तसली सोयच न्हाय. पाण्याला टेकला, निम्मा झाला, पाव झाला... मी इकडं जिन्याकडं बघतोय, तिकडं सूर्याकडं बघतोय, भात गार व्हायलाय, भूक तर अशी लागलीय की कठडा चावावा. नाशिककर म्हणाला, "जितकं वर जाल तितका सूर्य जास्त वेळ दिसतो बरं का, शास्त्र आहे!" मला पटलं! कोपऱ्यात लोखंडी शिडी हुती भोंग्याकडं जाणारी. एका हातात ताट, तोंडात धोतराचा सोगा, चढलो! आणि दिसला की ओ! नखायेवढी कोर दिसली! म्हटलं, आता पाटील यावेत, शिडीवरच जेवू! तवर खालनं एक खलाशी बोंबललाच, "ओ काका! नीचे! नीचे आव!" मी उतरेतवर सूर्य बुडाला, पापड समुद्रात गेला, आणि भरलेलं ताट मी तसंच ठेवून दिलं. एक शीत पोटात न्हाय!

मग मनात आलं, म्हंजे पाटील खालीच असणार! अंधारावर काहीतरी तोडगा काढला असंल त्यांनी, मोठी माणसं, आपल्याला काय माहीत? गेलो पळत खाली. डायनिंग रूमच्या दारात दुसरा डगलेवाला. मला वरनं खालपतोर बघतोय. धोतर, टोपी, आणि वर माझा बंद गळ्याचा कोट. "सर, टाय?" मी म्हटलं, जेवायचं न्हाय बाबा, नुसतं बघायचंय. "सर, टाय कम्पल्सरी!" आणि त्यानं कुठल्याशा खणातनं एक लाल टाय काढली, आणि बंद गळ्याच्या कोटावरनं बांधली की माझ्या गळ्याला! मला धरून आत नेलं, खुर्ची वडली, मी बसलो तसा मागनं खुर्ची आत सारली. आता उठायचं कसं? पोट टेबलाला टेकल्यालं, गुडघं खाली आडकल्यालं! मांडीवर एक रुमाल, छातीला एक रुमाल, इकडं तीन चमचं, तिकडं तीन काटं, आणि म्होरं पिवळं पाणी. "सूप, सर." त्याचा वास असा आला म्हणून सांगू! मी नुसता चमचा उचलला. नुसता उचलला हं! चमचा कुठला ते बघत हुतो.

आणि तवाच दारात कोण? रायगोंडा पाटील! मागं धोंडूबाई आक्का, त्यांच्या मागं आमची राजमती! वर डोळं दिपवणारी लाइटं, बाहेर मिट्ट काळोख, आणि मी टाय लावून, रुमाल बांधून, चमचा हातात! राजमतीचं तोंड असं झालं की जणू माझी तिरडीच बघितली.

नंतर कळलं ओ! ही तिघं वरच हुती! भोंग्याच्या पलीकडच्या अंगाला, किनाऱ्याच्या बाजूला, शाकाहारी लोकांचं येगळंच टेबल मांडलं हुतं, पळ्याबी येगळ्या. राजमतीनं धोंडूबाईंना सरळ इचारलं, "आक्का, जेवायचं कुठं?" आक्कांनी सांगितलं, गेल्या, उजेडात जेवल्या, पाटील माझी वाट बघून बघून जेवले, आणि जेवण आटपून मला हुडकाय निघाले! म्हंजे मी शिडीवर चढून ज्यांच्यासाठी सूर्य धरून ठेवत हुतो, ती माणसं भोंग्याच्या मागं दहीभात खात हुती!

पाटील सावकाश आले. माझ्याम्होरं हुबं ऱ्हायले. आणि त्यांनी कानडीत इचारलं, "ऊटा आतेन्री, चौगुले?" जेवण झालं का, येवढंच. आपल्याकडं रस्त्यावर भेटल्यावरबी माणूस इचारतंय. पण मी काय सांगू? झालं म्हटलं तर अंधारात जेवला! न्हाय म्हटलं तर अंधारात जेवाय बसलाय! दोन्हीकडनं मेलो! त्रिशलेचं तोंड डोळ्याम्होरं आलं. ती बिचारी तिकडं डाळीत मीठ घालत आसंल. आणि त्यो डगलेवाला मधीच, "सर, सूप ठंडा हो रहा है!" मेल्या, तुझं सूप!

आणि तवा... आता सांगायला लाज वाटतीय... माझं पोट बोललं. बोललं म्हंजे काय, गुरगुरलं न्हाय, वरडलं! सकाळच्या चहावर हुतं बिचारं, कोड्याच्या नादात दुपारचं जेवणबी ऱ्हाऊन गेलतं. गुर्रर्र करून जे सुरू झालं ते थांबंनाच. शेजारच्या टेबलावरची बाई दचकून नवऱ्याला चिकटली. डगलेवाला खिडकीबाहेर बघाय लागला, भोंगा झाला का काय म्हणून. धोंडूबाई आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अवो, हे तर उपाशी हाईत! भरल्या पोटाचा आवाज आसा येतोय व्हय?"

पाटील वाकून सुपाकडं बघाय लागले. वाटी काठोकाठ. चमचा कोरडा. मग मी हुतं तसं सगळं सांगितलं. भात, कठडा, नाशिककर, शिडी, सगळं. पाटील म्हणाले, "म्हंजे, दिवस बुडाला म्हणून भरल्यालं ताट ठेवलासा?" व्हय. "येवढी भूक असताना?" व्हय. "आमच्यासाठी थांबलासा?" व्हय, पाटील. तर त्या माणसाचं डोळं भरून आलं की ओ! म्हणाले, "मास्तर सांगत हुता ते मला थापाच वाटत हुत्या. खरं सांगतो, मी असतो तर खाल्लं असतं! पोरगी आजपास्नं आमची." राजमती तिथंच डोळं पुसाय लागली. माझ्याबी डोळ्यात पाणी आलं. निम्मं पोरीसाठी, निम्मं त्या सुपाच्या वासानं. कारण आता त्यो चमचा खाली ठेवावाच लागला! येवढं कौतुक झाल्यावर माणूस खातोय कसा? डगलेवाल्यानं वाटी उचलून नेली, आणि मी ती दारापतोर जाताना बघितली.

आणि आता जल्मभर कडक! दुकान आठाला बंद हुवो न्हाईतर धाला, चिकोडीचे व्याही कधीबी टपकतील, चूल गार पाहिजे!

बोटीवर सकाळ झाली, सूर्य वर आला, तसा मी तयार हुतोच. पाटील दारात हजर, खुशीत, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणत्यात, "चला व्याही, नाष्टा! खाली बसायचं, का वर हुबं ऱ्हायचं? आज तुम्ही म्हणशीला तसं!" मी त्यांच्याकडं बघितलं, राजमतीकडं बघितलं, आणि माझ्या डोक्यातलं सगळं कोडं एका झटक्यात सुटलं. मी म्हटलं, "पाटील, तुम्ही बसा. मी आता पोरीचा बाप, मी हुबाच ऱ्हातो."

आणि पाटील बसले की ओ!