मागं राहणाऱ्याचं बक्षीस

त्या दिवशी अकोल्यात असं ऊन होतं, की सायकलच्या सीटवर हात ठेववत नव्हता. आम्ही सायकलवाल्यांनी हळू सायकलची शर्यत ठेवली होती. पाय न टेकता जो सगळ्यात शेवटी पोचेल, तो जिंकला.

माझे शेजारी रहीमभाई शिंपी एका पायानं अधू. एकाच पायानं पायडल मारायची त्यांची वीस वर्षांची सवय. ते नाव द्यायले गेले, तर पंच म्हणाला, "चाचा, तुमी कायले येता? तुमी मागं राहसान."

मी म्हटलं, "अरे बाबू, मंग शर्यत कायची हाये?"

पंच हसला, नाव लिहिलं.

कोणाचे पाय टेकले, कोणी पुढं निघून गेलं. रहीमभाई सगळ्यांच्या मागून आरामात आले.

घरी येताना बक्षिसाचा पंप काखेत धरून ते म्हणाले, "भाऊ, मागं तं मी उमरभर राहिलो. बक्षीस आजच भेटलं."