सदतीस मिलिमीटर

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या पंप कारखान्याचे नवे संचालक एसेनबेक शार्शेनोविच. व्यासपीठावर विराजमान झालेल्या कामगार संघटनेच्या अध्यक्षा नुरजान बेक्तुरोव्ना. जिच्यासाठी आज आपण कँटीनच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या ती आपल्या सर्वांची थोरली बहीण, आजच्या सत्कारमूर्ती बुरुलकान असानोव्ना, म्हणजे आपल्या बुरुल एजे. ड्रॉइंग विभागातले माझे सहकारी. ओतशाळेतले आणि फिटिंगमधले बंधू. आणि बेशबरमाकचं पातेलं निवतंय म्हणून मागच्या दारातून माझ्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या स्वयंपाकघरातल्या भगिनींनो,

मी सागिनबेक. गेली अकरा वर्षं ड्रॉइंग विभागाचा प्रमुख. एवढी ओळख पुरे, कारण आजचा दिवस माझा नाही. निरोपाच्या भाषणात बोलणाऱ्याने स्वतःला मागे ठेवावं असा शिष्टाचार आहे. तो मी पाळणार होतो. परंतु एजेंची इच्छा थोडी वेगळी आहे, आणि आजच्या दिवशी त्यांची इच्छा मोडणारा मी कोण?

एजे तोकमोकच्या या कारखान्यात आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी. वेण्या कमरेपर्यंत आणि ड्रॉइंग बोर्ड डोक्याहून उंच. त्यांच्या रेघेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी इथे काढली. आज प्रकृतीच्या कारणास्तव, तीन वर्षं आधी, त्या निवृत्त होत आहेत. प्रकृतीला काय झालंय म्हणता? मला तर ठणठणीत दिसतात. मघाशी त्यांच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला, खांद्यावर मानाचा झगा, चापान, चढवला, तेव्हा तर नवरीसारख्या ताठ बसल्या होत्या. पण कागदावर प्रकृती लिहिलंय, आणि आपण कागदाची माणसं.

तरुण मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून जरा मागचं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी तेव्हाचे मुख्य अभियंता विक्टर हेन्रिखोविच यांना एकाएकी जाग आली की जगात लोक कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतात. त्यांनी बिश्केकच्या बाजारातून दोन प्रोग्राम आणवले. कुणाच्या परवानगीने, ते विचारू नका. तेव्हा कुणी विचारत नसे. एक निळ्या डब्यात, एक हिरव्या डब्यात. पुस्तिका एकाही डब्यात नव्हती. विक्टर हेन्रिखोविच म्हणाले, "निळा सागिनबेक शिकेल, हिरवा बुरुल. तीन महिने देतो. मग दोघांनी एकच भाग काढून दाखवा. ज्याचा सरस ठरेल त्याचा प्रोग्राम कारखान्याला आणि विभाग त्याच्या हाताखाली."

निळा स्वभावाने गरीब. जुन्या कागदाचा फोटो खाली ठेवायचा, वरून रेघ ओढायची. तो काही म्हणून विचारत नाही. हिरवा मात्र खाष्ट सासू. त्याला रेघ नको, माप हवं. मापं तुम्ही सांगा, भाग तो घडवणार. आणि दोन मापं आपसात जुळली नाहीत तर सगळा भाग लाल करून बसणार, पुढे हलणार नाही. मी तीन आठवड्यांत तयार झालो. एजे मात्र तीन महिने त्या लाल रंगाशी भांडत बसल्या होत्या. आम्ही जाता-येता विचारायचो, "एजे, आज शेगडी पेटली का?" हसा, हसा, तेव्हाही सगळे हसायचे.

परीक्षेला भाग आला पंपाच्या पोटातला पंखा. जुना कागद खुद्द विक्टर हेन्रिखोविचनी तरुणपणी काढलेला. निकाल कसा लावायचा? आपल्याकडे पहिल्यापासून एकच पद्धत. त्यांनी जुना कागद खिडकीच्या काचेवर धरला, वर आमचे कागद धरले आणि मागून ऊन येऊ दिलं. माझा कागद जुन्यावर असा बसला की दोन कागद आहेत हे कळेना. एजेंचा एका ठिकाणी हलला. एका मिलिमीटरने. विक्टर हेन्रिखोविच म्हणाले, "ज्या प्रोग्रामला माझा कागद उतरवता येत नाही, त्याला दुसरं काय येणार?" झालं. निळा जिंकला. आणि मी म्हणेन, एजेंनी ती हार ज्या मोठेपणाने...

काय म्हणालात, एजे? मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. एजे म्हणतात, कँटीन राहिलं.

राहिलं खरं. सांगतो. मला वाटलं होतं ते जेवणानंतर सांगावं.

तर परीक्षेच्या आदल्या दुपारी मी याच कँटीनमध्ये, त्या खांबापाशी लाग्मानच्या शेवया खात बसलो होतो. एजे चहाची किटली आणि वाटी घेऊन समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "सागिन, कागद चुकलाय रे. पंख्याच्या मानेची तीन मापं बघ. बारा, नऊ आणि सोळा. सदतीस होतात. एकूण लिहिलंय अडतीस, आणि रेघही अडतीसचीच आहे. म्हणून हिरवा लाल होतोय."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं पंप चालतात कसे?"

"ममात बाइकेंना विचारून आले. ते प्रत्येक पंख्याची मान कानशीने एक मिलिमीटर उतरवतात. वीस वर्षं उतरवताहेत. म्हणाले, कागद हापिसाचा, कानस पंपाची." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कागद साहेबांचा आहे. काय करू? तू काय काढणारेस?"

फिटिंगमधले ममात बाइके, आपल्या सगळ्यांचे थोरले भाऊ, आज समोरच बसलेत, त्यांना विचारा.

मी एजेंना काय सांगितलं? मी म्हणालो, "एजे, सदतीस काढा. म्हातारा सच्चा आहे. आपली चूक कुणीतरी दाखवली म्हणून खूश होईल. मीसुद्धा सदतीसच काढतोय."

त्या माझ्या वाटीत चहा ओतून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी अडतीस काढलं.

आता कुणी हसत नाहीये. मी ठरवलं होतं की हे हसतखेळत सांगायचं. हशात पुष्कळ खपून जातं.

विभागप्रमुख झाल्यावर एजेंना निळा शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी शिकवलंही. त्यांच्या खुर्चीमागे घड्याळ घेऊन उभा राहायचो. हात पेन्सिलकडे गेला की म्हणायचो, "एजे, ते म्हाताऱ्यांचं खेळणं ठेवा." दर शुक्रवारी त्यांच्या आठवड्याच्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचो, सगळ्या विभागासमोर. त्यांचा ड्रॉइंग बोर्ड होता, छत्तीस वर्षांपैकी पंचवीस ज्याच्यासमोर उभ्या राहिल्या तो. त्याची फळी मी याच स्वयंपाकघरात पाठवली, पीठ लाटायला. चांगलं लाकूड, वाया कशाला घालवा? आजच्या बेशबरमाकचं पीठ त्यावरच लाटलंय. भगिनींनो, तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही खाली बघू नका.

हो, एजे. सहीचं सांगतोच आहे.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चौकट असते. काढले, तपासले, मंजूर. पंख्याच्या नव्या कागदावर "काढले" समोर मी सही केली. "तपासले" समोर करायला कागद एजेंच्या टेबलावर ठेवला. तीन दिवस तो तिथेच पडून होता. चौथ्या दिवशी मी जाऊन म्हणालो, "सही जड जात असेल तर फाटकापाशी वजनकाट्यावर जागा रिकामी आहे. हवा मोकळी असते तिथे." तेव्हा जानेवारी होता. त्यांचे यजमान शरदात वारले होते आणि दोन मुली शाळेत होत्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच म्हणालो. त्यांनी सही केली.

मग अकरा वर्षं काही झालं नाही. ममात बाइके होते ना, कानस घेऊन. मी त्यांच्या खोलीवरून जाताना तो आवाज ऐकायचो आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून घ्यायचो.

या मार्चमध्ये संचालकसाहेबांनी नवं यंत्र आणलं. ते ड्रॉइंगची फाइल वाचतं आणि थेट धातू कापतं. त्याला कानस लागत नाही, ममात बाइकेही लागत नाहीत. त्याने चाळीस पंखे बिनचूक अडतीसचे कापले. चाळीसपैकी एकही पंपात बसला नाही. कालव्यांना पाणी सुटलं, बीटच्या शेतांवरून माणसं पंप मागायला आली, आणि आपण त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग चौकशी बसली. "मंजूर" समोरचे विक्टर हेन्रिखोविच केव्हाच कारखाना सोडून गेलेले, म्हणून कागदावर उरली दोन नावं. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी दिलेला कागद उतरवतो. चूक शोधायचं काम तपासणाऱ्याचं." एका वाक्यात काम झालं. प्रकृतीचं कारण कुठून आलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या चौकशीच्या आदल्या दिवशी मी एजेंना चिडून विचारलं होतं, "तुम्हाला ठाऊक होतं कागद चुकलाय. यंत्र आलं तेव्हा बोलला का नाहीत?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी बोलले होते. कँटीनमध्ये, अकरा वर्षांपूर्वी." त्यानंतर आमच्यात बोलणं झालं ते थेट गेल्या आठवड्यात.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी का गेलो, हेही सांगायचं कबूल केलंय. साहेबांनी ठरवलंय की नव्या यंत्रासाठी निळा चालणार नाही. आता हिरवा. जुन्या डब्यातला नाही, रीतसर विकत घेतलेला, त्याच घराण्यातला. तीन महिन्यांनी परीक्षा, आणि जो नापास होईल तो गोदामात. मी बसून पाहिलं. मी माप सांगतो, तो लाल होतो. दुसरं सांगतो, आणखी लाल होतो. बावन्न वर्षांचा माणूस मी, विभागाचा प्रमुख, आणि एका संध्याकाळी टेबलावर डोकं टेकून बसलो होतो. कारखान्यात हिरवा येणारं माणूस एकच. एजेंनी त्या हिरव्या डब्यातली तबकडी फेकली नव्हती. घरी मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी अकरा वर्षांत कारखान्याचे सगळे कागद हिरव्यात काढलेत, खऱ्या मापांनी. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, "दिवसभर खोटं काढायचे. संध्याकाळी हात धुवायला नको का?"

मी जर्दाळू घेऊन गेलो होतो. म्हणालो, "एजे, शिकवा." त्यांनी जर्दाळू घेतले नाहीत. म्हणाल्या, "आधी समारंभात सांग. माइकवर. काही गाळायचं नाही." मी दोन रात्री हिशेब केला की सांगितलं तर काय आणि नाही सांगितलं तर काय. दोन्हीकडे गोदामच दिसत होतं, पण सांगितलं तर एजे तरी मिळतील असं वाटलं. म्हणजे आजही मी चांगुलपणाने उभा नाही. तेही सांगून टाकलं, नाहीतर त्या पुन्हा टोकतील.

साहेब, तुम्ही विचारताय, हे खरं का. खरं आहे. चौकशीच्या अहवालातलं नाव बदलायचं म्हणताय, तर तो कीबोर्डच्या दोन कळांचा खेळ आहे. माझं नाव टाका. टायपिंग मीच करून देतो, तेवढं मला येतं.

एजे, झालं. काही गाळलं नाही. आता सोमवारी किती वाजता येऊ? तुमच्या घरी येतो, जर्दाळू न घेता.

काय म्हणालात?

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून मीच सांगतो. एजे म्हणतात, शिकवणार आहे, पण ममात बाइकेंना. म्हणतात, एकसष्टाव्या वर्षी माउस धरताना हात अडखळेल, पण एक मिलिमीटर म्हणजे काय, ते त्यांच्या हाताला कळतं. ममात बाइके, तुम्ही उभे का राहिलात? बसा. बरं, नका बसू.

तर अध्यक्षमहोदय, आपण मला बोलू दिलंत, मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल आपला आभारी आहे. कामगार संघटनेचे आभार. स्वयंपाकघराचे आभार, ती फळी शक्य असेल तर आज एजेंच्या घरी पोचवा. भाषणाच्या शेवटी, काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. कमीजास्त आज काही नाही, मापं जुळतात. पोटात घालायचं आहे ते अकरा वर्षांपूर्वीचं, आणि ते मी एजेंकडे मागणार होतो. पण त्या माझ्याकडे बघतही नाहीयेत. त्या ममात बाइकेंना चष्म्याचा नंबर विचारताहेत.

जेवण वाढायला हरकत नाही.